एका पदाच्या दोन चाली

‘कट्यार काळजात घुसली’ वसंतराव देशपांडे यांच्यासह प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि ती बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत. बिंदुसरा धरणाजवळच्या आमच्या पालीत अशी माणसं शोधावीच लागतात. इथं नाट्यगृह नाही. संगीत नाटक पाहायचं तर नोकरीच्या नाहीतर पाहुणेपणाच्या निमित्तानं पुण्या-मुंबईला गेलेल्यालाच ते जमायचं. तरी या नाटकाचा विषय निघाला की पारावर बोलणाऱ्यांची कमी पडत नाही. नाटक पाहिलेला एखादाच असतो, पण पदं ऐकलेले पुष्कळ. कुणी ती आकाशवाणीवर ऐकली, कुणी कॅसेटवर. काहींनी तर हरिनाम सप्ताहात ऐकली. कीर्तनात चाल धरणाऱ्या गायकानं अभंगाला नाट्यपदाचं वळण दिलं की जाणकार माना डोलवायचे आणि शेजारच्याला हळूच सांगायचे, “हे कट्यारमधलं.”

गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी तरुणपणी मुंबईत हे नाटक पाहिलं. गोष्ट विचारली तर ते दोन वाक्यांत उरकतात. वसंतरावांनी रंगवलेल्या खाँसाहेबांच्या गाण्याचं विचारलं की मात्र सरसावून बसतात. “पद संपलं आसं वाटायचं, आन् हा माणूस पुन्हा नव्यानं सुरू व्हायचा. लोक उठत नव्हते, बरं का. शेवटची बस गेली तर गेली.” या नाटकाच्या बहुतेक आठवणी अशाच आहेत. त्यात संवाद फारसे येत नाहीत. एखादी तान येते, एखादी न घेतलेली सम येते, पद किती लांबलं ते येतं. ध्वनिमुद्रिकेत पद काही मिनिटांचं आहे. रंगमंचावर ते रोज वेगळं असे, आणि जे त्या रात्री गायलं गेलं ते त्या प्रेक्षकांपुरतंच राहिलं. म्हणून या आठवणी मला हौसेच्या गप्पा वाटत नाहीत. मुद्रिकेबाहेर राहून गेलेलं नाटक त्यांतच आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांनी हे नाटक लिहिलं, पदंही त्यांचीच. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’नं ते १९६७ मध्ये रंगमंचावर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ केलं तेव्हापासून रात्र-रात्र चालणारं संगीत नाटक साठच्या दशकापर्यंत थकून गेलं होतं. ‘मत्स्यगंधा’ आणि ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकांतून अभिषेकींनी पदाला आटोपशीर बांधा दिला होता. ‘कट्यार’मध्ये त्यांनी तो बांधा ठेवला आणि आत गवयाला हवं तेवढं फिरता येईल अशी जागा सोडली. नाटकाचा विषयच गाणं असल्यामुळे ती जागा शोभलीही. विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची स्पर्धा लागते. जो राजगायक होईल त्याला हवेली मिळते आणि एक कट्यार मिळते, जिनं केलेला एक खून माफ असतो. खाँसाहेब हवेलीत येतात, पंडितजी निघून जातात. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव त्याच हवेलीत, खाँसाहेबांच्या घरात, चोरून विद्या घेत राहतो.

आता ‘घेई छंद मकरंद’ या पदाकडे यावं, कारण माझ्या मते सगळं नाटक या एका पदात आहे. शब्द तेच ठेवून अभिषेकींनी त्याला दोन चाली दिल्या. प्रसाद सावकारांच्या आवाजातली चाल धानी रागात आहे. लय चपळ, वळणं सोपी, ऐकताक्षणी ओठांवर येणारी. ही पंडितजींच्या परंपरेतली चाल. वसंतरावांची चाल सालगवराळी रागात आहे. लय संथ आहे. कोमल रिषभ-गंधारावर स्वर असा रेंगाळतो की फुलाभोवती फिरणारा भुंगा आता उडायचं सोडून आत शिरला आहे असं वाटतं. शब्द तेच असले तरी पहिल्या चालीत मधाचा आनंद आहे आणि दुसरीत मधाची ओढ आहे. ती ओढ थोडी वेदनेकडे झुकलेली आहे.

हे दोन राग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. धानीत रिषभ आणि धैवत नाहीत. सालगवराळीत मध्यम नाही, आणि धानीनं टाकलेले रिषभ-धैवत मात्र आहेत. एकानं जे वगळलं ते दुसऱ्यानं घेतलं, आणि पहिल्याचा मध्यम दुसऱ्यानं सोडला. तरी षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद हे चार स्वर दोघांत आहेत. दोन घराण्यांचं वैर ज्या नाटकात जिवावर उठतं, तिथं संगीतकारानं दोन्ही घराण्यांना एकच पद दिलं आणि पायाखाली चार स्वरांची एकच जमीन दिली. अभिषेकींनी हे हिशेबानं केलं की त्यांच्या कानानं आपसूक केलं, त्यानं फरक पडत नाही. दोन्ही चाली लागोपाठ ऐकाव्यात. संवादातून पुढं जे कळायचं ते कानाला आधीच कळलेलं असतं.

खाँसाहेबांच्या भूमिकेला वसंतराव लाभले यातही एक मोठं औचित्य आहे. खाँसाहेब आपल्या घराण्याची चीज बाहेर जाऊ न देणारे. वसंतराव आयुष्यभर दारोदार शिकलेले. मूर्तिजापुरात १९२० मध्ये जन्म, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरुवात, लाहोरात असद अली खाँ, पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, आणि मनात कायम मास्टर दीनानाथांचं आक्रमक, तडफदार गाणं. कित्येक वर्षं लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करून त्यांनी हे गाणं सांभाळलं होतं. ‘कट्यार’ आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. म्हणजे घराण्याच्या भिंतीचा अभिमान धरणाऱ्या माणसाची भूमिका भिंती न मानणाऱ्या गळ्यानं केली. त्या गळ्यात कुठल्या एका घराण्याची शिस्त शोधून सापडत नाही. तान अचानक वळते, मधेच पंजाबी ढंग येतो, पुढच्याच क्षणी नाट्यसंगीताचा थेट मराठी आवेश. ‘सुरत पिया की’ या रागमालेत तर एका रागातून दुसऱ्यात जाताना उंबरठा लागतच नाही.

दारव्हेकरांचं खरं धाडस मला इथं दिसतं. खाँसाहेब आपल्या नजरेत चुकीचे आहेत. ते मत्सरी आहेत, विद्या कोंडून ठेवणारे आहेत, सदाशिवावर अन्याय करणारे आहेत. आणि तरी नाटकातलं सर्वांत थोर गाणं त्यांच्याच गळ्यात आहे. प्रेक्षक मनानं सदाशिवाकडे असतो आणि दाद मात्र खाँसाहेबांना देतो. ‘तेजोनिधी लोह गोल’ सुरू झालं, ललत पंचमातला तो सूर्याचा जयघोष चढत गेला, की त्या माणसाबद्दलचा राग धरून ठेवता येत नाही. कला मोठी आणि मन अपुरं, ही गोष्ट कुणी सांगण्यापेक्षा अशी आपल्याच टाळीतून कळते, तेव्हा ती जास्त लागते. गुरुजी म्हणतात, “त्याचा राग येत होता आन् तरी त्याचंच गाणं पुन्हा हवं होतं.” या नाटकावर मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा मला हे वाक्य नेमकं वाटतं.

सदाशिवाचं चोरून शिकणं आमच्याकडच्या श्रोत्यांना जवळचं वाटतं, त्यालाही कारण आहे. सप्त्याच्या मंडपात पेटीवर बसणाऱ्या कितीतरी जणांनी राग नाव घेऊन शिकलेला नाही. कॅसेट पुन्हा पुन्हा फिरवून, एक जागा बोटांत बसेपर्यंत ऐकून त्यांनी हे घेतलं. त्यांना सालगवराळी हे नाव ठाऊक नसेल, पण त्या पदातला कोमल रिषभ ते चुकवत नाहीत.

वसंतराव १९८३ मध्ये गेले. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका केली, दिग्दर्शन सुबोध भावे यांचं होतं. २०१५ मध्ये भाव्यांनीच चित्रपट केला आणि या नाटकाचं नाव नव्या पिढीच्या तोंडी आलं. मला चित्रपट आवडला, पण त्यात गाणं कथेच्या वेगानं चालतं. नाटकात कथा गाण्यासाठी थांबायची. ते थांबणं पडद्यावर येऊ शकत नाही, याचा दोष कुणाला देता येणार नाही.

म्हणून ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला त्यांना “नाटक कसं होतं” असं विचारून सोडू नये. वसंतरावांनी त्या रात्री कुठलं पद लांबवलं, लोकांनी कुठं दाद दिली, धानीतला ‘घेई छंद’ संपून सालगवराळीतला सुरू झाला तेव्हा सभागृहात काय झालं, असं नेमकं विचारावं. गुरुजींना मी हे विचारलं. त्यांनी आधी धानीची चाल गुणगुणली, मग डोळे मिटून दुसरी, आणि त्या रात्री घेतलेली एक जागा मला तीनदा म्हणून दाखवली. ती मुद्रिकेत नाही.