ख्रिस्तपुराणाचा वेष व अंतरंग

फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर दोन आक्षेप घेण्यांत येतात. पुराणाचा घाट व ओवीचा छंद हीं देशी जनांस भुलविण्यासाठीं पांघरलेलीं वस्त्रें होत, हा एक. आणि असा वेष पत्करणाराची ख्रिस्तनिष्ठा पातळच असली पाहिजे, हा दुसरा. दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे पेहरावावरून श्रद्धेची पारख करणें; आणि तें आम्हांस मान्य नाहीं.

ग्रंथ प्रथम १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला. त्या छापाची वा १६४९ व १६५४ च्या छापांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. सालडाणा यांनीं १९०७ त मंगळुरास काढलेली आवृत्ति हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली. तींतील १०,९६२ ओव्यांत लपवालपवी नाहीं. धर्मोपदेशास जमलेल्यांपैकीं एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, जुनीं पुराणें मना केलींत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कां देत नाहीं? ग्रंथाचा जन्म मनाईंतून झाला, ही कबुली ग्रंथांतच आहे. साष्टींतील देवळें १५६७ त पाडलीं गेलीं होतीं, हें विसरून हा प्रसंग वाचूं नये. कर्त्याची श्रद्धा खरी, म्हणून ऐकणाराचीही खरी, असें अनुमान येथें निघत नाहीं.

लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी पोथींत पोर्तुगीज व लॅटिन शब्दांच्या जागीं पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता, हा वाद मोठा आहे. परंतु संस्कृत शब्द आले म्हणून ख्रिस्तकथेचें मर्म ढळलें, असें एकाही स्थळीं आम्हांस दिसलें नाहीं.

उलट बाजू पहावी. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या हुकुमानें गोव्यांतील देशी ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी वर्ज्य केली, दारची तुळस उपटविली, आणि भात मीठ घातल्यावांचून शिजवूं नये, इतक्या बारकाव्यापर्यंत मजल नेली. (मिठाचा हा अध्याय कोणत्या शुभवर्तमानांतला, तें हुकूम काढणारांनाच ठाऊक!) पेल्याची बाहेरची बाजू घासणाऱ्या परूश्यांवर ख्रिस्तानें ओढलेले कोरडे मत्तयाच्या २३ व्या अध्यायांत आहेत, ते या हुकुमास तंतोतंत लागू पडतात. तुळस काढून घरांत ख्रिस्त येत असता, तर स्टीफन्सना इतक्या ओव्या रचण्याचें कारण नव्हतें.

१६८४ त देशी भाषेवरच बंदीचें फर्मान निघालें. तरीही पोथ्यांच्या नकला होत राहिल्या व त्या ख्रिस्ती घरांतून जपल्या गेल्या. ऐकणाराच्या श्रद्धेचा कांहीं माग लागलाच तर तो या नकलांतच लागेल. सबब अशी पोथी हातीं आल्यास संग्राहकांनीं लिपि, कागद व लेखनकाल यांबरोबर पानांची झीजही नोंदवावी. कोणता अवस्वरू अधिक हाताळला गेला आहे, तें अवश्य लिहून ठेवावें.