वादळाची वाट पाहणाऱ्यांची भाषा

मराठी साहित्यात वादळे पुष्कळ आहेत. मनातली आहेत, समाजातली आहेत, किनाऱ्यावरची खरीखुरीही आहेत. पण आकाश अजून स्वच्छ आहे आणि बातमी मात्र येऊन पोचली आहे, असे जे वादळाआधीचे दोन-तीन दिवस असतात, त्यांच्याकडे आपल्या समीक्षेने क्वचितच पाहिले आहे. हा काळ जवळजवळ पूर्णपणे शब्दांचा असतो. वारा सुटलेला नसतो. सुटलेले असतात ते अंदाज, इशारे, नकाशांचे अर्थ आणि एकमेकांना धाडलेले निरोप. या मजकुराला साहित्य म्हणायचे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. माणसे तो वाचतात आणि त्याच्या भरवशावर बियाणे, होडी, छप्पर, प्रसंगी जीव पणाला लावतात. इतक्या गांभीर्याने वाचल्या जाणाऱ्या मजकुराला समीक्षेच्या वेशीबाहेर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

हा मजकूर आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकारचा आहे: परंपरेचे भाकीत, हवामान खात्याचे पत्रक आणि हौशी निरीक्षकांचे सांगणे. तिघांची भाषा वेगळी आणि वाचकाशी नातेही वेगळे.

परंपरेपासून सुरुवात करू. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. ही प्रथा साडेतीनशे वर्षांची सांगतात. शेतात गोल आखून अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. पुरी, पापड, सांडोई, कुरडई आणि राजासाठी पानविडा. रात्रभरात काय हलले, काय भिजले, ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. पंचांगातला पाऊस याच कुळातला. नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असेल तर हात आखडता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी भेंडवळच्या भाकिताला आव्हान दिलेले आहे आणि ते योग्यच आहे, कारण ढेकूळ भिजण्याचा आणि अरबी समुद्रावरच्या वाऱ्याचा कार्यकारणसंबंध कोणी दाखवलेला नाही.

तरीही मजकूर म्हणून या भाकितात काय आहे ते पाहिले पाहिजे. ते शेतात उभे राहून, माणसांच्या तोंडावर सांगितले जाते. त्यात ज्वारी, तूर, सरकी यांची नावे येतात. ऐकणाऱ्याचे पीक त्यात हजर असते. त्याची उणीव अशी की ‘कुठे कमी, कुठे जास्त’ या थाटाचे विधान कधीच खोटे पडत नाही, आणि जे खोटे पडू शकत नाही त्यावरून कोणाला काही शिकता येत नाही. शिवाय त्याचे माप वर्षाचे किंवा महिन्याचे असते. मंगळवारी दुपारी चार वाजता सुटणारा वारा त्या मापात बसत नाही.

हवामान खात्याचे पत्रक याच्या अगदी उलट. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याची भाषा मोजून-मापून बनलेली आहे. आपल्या विदर्भासाठी नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून जे येते त्यात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व सोसाट्याचा वारा’ असे शब्द असतात. वाचक हे वाक्य ढोबळ समजून सोडून देतो. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ठरलेला आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे सव्वीस ते पन्नास. बऱ्याच ठिकाणी म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर. त्यापुढे बहुतांश ठिकाणी. शंभरातल्या वीस केंद्रांवर पाऊस पडला तर पत्रक खरे ठरले. उरलेल्या ऐंशी ठिकाणच्या माणसांनी मात्र ‘खातं खोटं बोललं’ असे म्हटले. येथे अंदाज चुकलेला नाही, वाचन चुकले आहे. आणि त्या चुकीची मोठी जबाबदारी लिहिणाऱ्याकडे जाते. ज्या शब्दाला बाजारात एक अर्थ आहे त्याला तुम्ही दुसरा अर्थ दिलात, तर तो सांगायला हवा.

दुसरे उदाहरण पावसाच्या जोराचे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत पडला की हवामान खाते त्याला मुसळधार म्हणते. महसूल खात्याच्या दप्तरी ६५ मिलिमीटर झाले की ती अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईचा विचार तिथून पुढे. म्हणजे एकाच पावसाला पुण्याच्या वेधशाळेत एक नाव आणि तहसिलीत दुसरे. नेरच्या शेतकऱ्याला दोन्ही नावे कळावी लागतात. त्याच्या घरात मात्र त्या पावसाला तिसराच शब्द असतो. वाऱ्याचेही तेच. आमच्याकडे ‘वारा-वावधन’ म्हटले की टिनपत्रे, कडब्याची गंजी आणि आंब्याचा मार एकदम डोळ्यांपुढे येतो. ‘ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर’ हे अधिक अचूक खरे, पण त्या आकड्याने पत्रे उडतील की नाही, हे पत्रक सांगत नाही. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग त्यासाठीच आले: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग पोचले, पण ‘तयार राहा’ म्हणजे गंजीवर ताडपत्री घाला की जनावरे आत बांधा, हे वाक्य अजून पोचायचे आहे.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते सर्वांत रंजक: हौशी. यांच्या कुळाला कमी लेखू नये. ‘सायक्लोन’ हा शब्द बनवणारा हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात नौकानयनाच्या न्यायालयात काम करणारा माणूस होता; वादळे हा त्याचा नाद. मातला नदीकाठी नवे बंदर बांधू नका, समुद्राची लाट ते गिळेल, असे त्याने १८५३ साली गव्हर्नर जनरलला लिहून कळवले. त्याला कोणी विचारले नाही. बंदर झाले, आणि १८६७च्या वादळात त्याची वाट लागली. पिडिंग्टन तोवर वारला होता. नाद असलेला माणूस खात्यापेक्षा पुढचे पाहू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या देशात शोधावे लागेल.

आजच्या हौशी निरीक्षकाकडे उपग्रहाची चित्रे आहेत, युरोप-अमेरिकेतल्या संगणकांची गणिते आहेत. त्याच्या भाषेचे व्याकरण वर्तमानकाळाचे असते: आता वळले, आता जोर धरला, आता डोळा उघडतोय. क्रिकेटचे धावते समालोचन ऐकावे तसे ते वाटते. त्यात आनंद आहे आणि तो लपत नाही. वादळ मोठे व्हावे, आपल्या अंदाजाप्रमाणे यावे, अशी एक चोरटी इच्छा त्या वाक्यांतून डोकावते. या इच्छेला मी पाप म्हणणार नाही. तापाचे निदान बरोबर आले म्हणून वैद्याला समाधान होते, त्याचा अर्थ त्याला रोगी आजारी हवा होता असा नाही. मात्र ही इच्छा भाषेचे काय करते, ते तपासायला हवे.

निसर्ग चक्रीवादळ ही त्याची कसोटी होती. २०२० साली वादळांच्या नावांची १६९ नावांची नवी यादी झाली, त्यातले पहिलेच नाव हे, बांगलादेशाने दिलेले. जूनच्या सुरुवातीचे दोन-तीन दिवस सगळ्यांचे डोळे एका प्रश्नावर होते: मुंबईवर येणार का? ३ जूनच्या दुपारी ते रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. लगेच ‘मुंबई बचावली’ असा सुस्कारा टाकला गेला, आणि वाट पाहणाऱ्यांपुरती गोष्ट तिथे संपली. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडची गोष्ट तिथून सुरू झाली होती. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि तेही टाळेबंदीच्या दिवसांत. सुपारीचे नवे झाड फळायला पाच-सात वर्षे लागतात. समालोचनाचा काळ तीन दिवसांचा, नुकसानाचा काळ सात वर्षांचा. भाषेची पट्टी इथे तोकडी पडली.

या इच्छेचे टोक आणखी पुढचे आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईत भयंकर चक्रीवादळ होऊन एक लाख माणसे मेली, असे जगभरच्या याद्यांत वर्षानुवर्षे छापले गेले. मुळात असे वादळ झाल्याचा समकालीन पुरावाच नाही. एक लाख माणसे मरावीत आणि त्या शहरातल्या वर्तमानपत्रांना पत्ता लागू नये, हे शक्य नव्हते. पण यादी करणाऱ्यांनी एकमेकांकडून उतरवून घेतले, वर्तमानपत्र उघडले नाही. न आलेल्या वादळाचीही माणसांना ओढ असते, हेच यावरून दिसते.

उलट चूकही तितकीच महाग पडते. इंग्लंडात १५ ऑक्टोबर १९८७ रोजी दूरचित्रवाणीवर मायकेल फिश या हवामानतज्ज्ञाने, हरिकेन येत असल्याची शंका हसत उडवून लावली. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर प्रचंड वादळ आले. ब्रिटनमध्ये अठरा माणसे गेली, दीड कोटीच्या आसपास झाडे पडली. ते तांत्रिक अर्थाने हरिकेन नव्हते, हा खुलासा झाडाखाली सापडलेल्यांच्या काय कामाचा? आणि अंदाज बरोबर असूनही माणसे मरतात, हे आपण मे २०२१मध्ये तौक्ते वादळात पाहिले. इशारा आधीच दिलेला होता. तरी मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा थांबून राहिला आणि बुडाला; सत्तरहून अधिक जीव गेले. शब्द पोचला होता. तो ज्याच्या हातात होता आणि ज्याचा जीव धोक्यात होता, ती माणसे वेगळी होती.

आता आमच्या भागाकडे वळतो. नेर परसोपंत समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. आमच्या वाऱ्याला नाव नसते. वैशाखातल्या दुपारी ढग भरून येतात, अर्ध्या तासात पत्रे उडतात, विजेचे खांब वाकतात, कुठेतरी झाडाखाली उभ्या माणसावर वीज पडते. अशा वाऱ्याची वाट कोणी हौशी पाहत बसत नाही, कारण त्याला डोळा नाही, यादीतले नाव नाही, तीन दिवसांचा प्रवास नाही. नाव मिळालेल्या वादळाला वाचक मिळतो, बिननावाच्या वाऱ्याला फक्त पंचनामा. कोणत्या आपत्तीची गोष्ट सांगितली जाईल, हे तिच्या नुकसानावर ठरत नाही, तिच्या कथनयोग्यतेवर ठरते. हौशी निरीक्षकांच्या मजकुराविषयी माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो आपल्या वर्तमानपत्रांनाही लागू आहे.

मग चांगला मजकूर कोणता? माझी कसोटी साधी आहे. पहिली गोष्ट, तो खोटा पडू शकेल इतका स्पष्ट असावा: कुठे, केव्हा, किती. दुसरी, तो ऐकणाऱ्याच्या कामाच्या भाषेत उतरावा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खात्याचे वाक्य या दृष्टीने मला आदर्श वाटते. त्यात माप आहे आणि कृतीही आहे, आणि ते न ऐकल्यास दुबार पेरणीचे बियाणे कोणाच्या खिशातून जाते ते सर्वांना ठाऊक आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पडताळा. अंदाज देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी परत यावे आणि काय घडले ते त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. भेंडवळची परंपरा हे करत नाही. खाते करते, पण सामान्य वाचकापर्यंत ते येत नाही. हौशी लोक बरोबर आले की करतात.

आणि तरी मला आशा हौशी माणसाचीच वाटते. हवामान मोजणारी केंद्रे महसूल मंडळापर्यंत आली आहेत. मंडळात वीस-पंचवीस गावे असतात आणि वावधन दोन शिवारांत फरक करते. शाळेतला मास्तर, पोस्टमन, दुकानदार, कोणीही एक वही घेऊन रोजचा वारा, पाऊस, कोणत्या दिशेचे झाड पडले, एवढे लिहू शकतो. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहून महिन्यांकडे पाहायला शिकवले. दिवसांकडे पाहणारी वही अजून मराठीत यायची आहे. ती वही वादळाची वाट पाहणार नाही. ती वादळ येऊन गेल्यावर लिहिली जाईल. पुढच्या वैशाखात शेजारच्या शिवारातला माणूस ती उघडील, आणि ढग कोणत्या बाजूने भरले म्हणजे जनावरे सोडू नयेत, हे त्याला तीत सापडेल.