जनुक-नियंत्रण आणि कीड-नियंत्रण : एका संज्ञेची चिकित्सा

मराठीतील विज्ञानविषयक लेखनात ‘नियंत्रण’ ही एकच संज्ञा दोन भिन्न व्यापारांसाठी योजिली जाते. पेशीतील जनुकाची अभिव्यक्ती थोपविणे हे नियंत्रण, आणि कपाशीवरील किडीचा बंदोबस्त हेही नियंत्रणच. कृत्रिम आरएनएच्या साहाय्याने पहिले साधले म्हणजे दुसरे साधलेच, या समजाला हे शब्दसाम्य पोषक ठरते. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या, कपाशी पिकविणाऱ्या तालुक्याच्या दृष्टीने तो समज निरुपद्रवी नव्हे.

पेशीपुरता हा दावा भक्कम आहे. जनुकाशी अनुक्रम जुळणारा दुपदरी आरएनए शरीरात शिरला म्हणजे त्या जनुकाचे कार्य बंद पडते, हे फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये सूत्रकृमीवरील प्रयोगांनी दाखविले. ‘डायसर’ हे विकर त्या रेणूचे सुमारे २१ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करते. तुकड्याचा एक पदर जुळणारा संदेशवाहक आरएनए हुडकतो आणि तो छेदला जातो. अनुक्रम बदलला की लक्ष्य बदलते. ही सोय खरोखर अपूर्व होय.

परंतु अळी म्हणजे परीक्षानळीतील पेशी नव्हे. पतंगवर्गीय किडींच्या आतड्यातील विकरे हा रेणू पेशीत पोहोचण्यापूर्वीच बहुधा मोडून टाकतात. कित्येक भुंगेऱ्यांत हा अडथळा पुष्कळ कमी असतो. (मक्यावरील यशाचा दाखला कपाशीस लावताना नेमके हेच विसरले जाते.) शिवाय गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, तेथवर फवारा पोहोचत नाही.

भुंगेऱ्यांवरील विजयही निर्णायक म्हणता येत नाही. मक्याची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याविरुद्ध असे वाण अमेरिकेत २०१७ मध्ये संमत झाले. २०१८ मध्येच, प्रयोगशाळेत निवडीने वाढविलेल्या प्रतिरोधी किडीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या किडीच्या आतड्याने दुपदरी आरएनए आत घेणेच थांबविले होते. साहजिकच निराळ्या अनुक्रमाचे रेणूही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. ज्या सोयीवर या तंत्राची सारी भिस्त, तीच येथे कामी आली नाही.

विदर्भाला हा अनुभव अपरिचित नाही. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, २००६ मध्ये तिच्यात दुसरे जनुक घातले गेले. तरीही २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. त्या काळातही प्रथिनाच्या गुणांची चर्चा पुष्कळ झाली. फरदड न घेणे, कामगंध सापळे लावणे, भोवती बिगर-बीटीच्या ओळी राखणे यांकडे मात्र दुर्लक्ष झाले. ही कामे कोणत्याही रेणूच्या अनुक्रमात लिहिता येत नाहीत. म्हणून पेशीतील व्यापारास ‘जनुक-शमन’ आणि शेतातील कार्यास ‘कीड-व्यवस्थापन’ अशा पृथक् संज्ञा काटेकोरपणे वापरणे, हे पारिभाषिक सोवळे मानण्याचे कारण नाही.