परत येण्याची गोष्ट कुठून वाचायची?

परदेशातून परत आलेल्या माणसाची गोष्ट आपण कशी सांगतो बघा. तिकडे सगळं होतं, एक दिवस मातीची ओढ लागली, सगळं सोडून आला. 'स्वदेस' (२००४) सिनेमाने हा साचा पक्का केला. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचं 'जामखेड' (१९९४) हे इंग्रजी पुस्तकही याच चष्म्यातून वाचण्याचा मोह होतो. पण तसं वाचलं की त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट निसटते.

समाजशास्त्रात 'जीवनक्रम' नावाची एक चौकट आहे. ग्लेन एल्डर या अमेरिकी अभ्यासकाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखादी घटना सुटी बघायची नाही. ती आयुष्यात कधी घडली, बाहेर कोणता काळ चालू होता आणि कोणाकोणाची आयुष्यं तिच्याशी जोडलेली होती, हे तिन्ही बघायचं.

आता हे पुस्तक या चौकटीतून बघू. या दोघांनी खेड्यात काम करायचं १९६० मध्ये लग्न करतानाच ठरवलं होतं. १९६२ ते १९६६ ते नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. बरे करून पाठवलेले रुग्ण पुन्हा तेच आजार घेऊन येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. म्हणजे जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकायला ते प्रश्न सोबत घेऊनच गेले. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू झालं आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. औषधांच्या आधी अन्न आणि पाण्याचं बघावं लागलं.

आणि सुरुवातीचा बेत? शिकलेल्या नर्सेस गावोगावी ठेवायच्या, हे जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, अनेक दलित. पुस्तकाची खरी ताकद या बायकांच्या कहाण्यांत आहे. प्रकल्पाच्या आकड्यांनुसार हजार जन्मांमागे बालमृत्यू १९७१ मध्ये १७६ होते, १९७६ पर्यंत ते ५२ वर आले. या बायका कधी परदेशी गेल्या नव्हत्या, तरी दुसऱ्या कुणाच्या परत येण्याने त्यांचं आयुष्य वेगळ्या वाटेला लागलं. जोडलेली आयुष्यं म्हणतात ती हीच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. हे पुस्तक टिकून राहिलेल्यांनी लिहिलंय. जे परत आले, दोन-तीन वर्षं झगडले आणि पुन्हा विमानात बसले, त्यांचं पुस्तक सहसा निघत नाही. संशोधनात याला निवडीचा दोष म्हणतात: हाती आलेली उदाहरणं आधीच गाळून आलेली असतात. त्यामुळे एका 'जामखेड'वरून परत येणाऱ्या सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. "आरोळ्यांना जमलं, मग तुला का नाही?" हा प्रश्न म्हणूनच अन्यायाचा आहे.

तुम्ही बाहेर असाल आणि घरून "कधी येतोस?" असं विचारणारे फोन येत असतील, तर हे पुस्तक जरूर वाचा. पण १९७० पासून सुरुवात करू नका. वडाळ्याची चार वर्षं आधी वाचा, आणि मग स्वतःला विचारा: जाताना मी कोणता प्रश्न सोबत आणला होता, आणि या वाटेवर माझ्यासोबत कोण आहे?