फसलेला प्रयोग, पोचलेला आशय

विडंबन म्हणजे मूळ कृतीची अवहेलना, ही समजूत लिंडा हचन यांच्या 'अ थिअरी ऑफ पॅरडी' (१९८५) या ग्रंथानंतर टिकण्यासारखी राहिली नाही. चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती असे विडंबनाचे स्वरूप मानले, तर त्याचा रोख मूळ कृतीवरच असतो असे गृहीत धरता येत नाही. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी व्यंगचित्र-मालिकेचा 'अ स्ट्रीटकार नेम्ड मार्ज' हा भाग (लेखक जेफ मार्टिन, दिग्दर्शक रिच मूर, प्रथम प्रक्षेपण १ ऑक्टोबर १९९२) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

टेनेसी विल्यम्स यांचे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९४७) हे नाटक मराठी वाचकाला तेंडुलकरांच्या 'वासनाचक्र'मुळे परिचित आहे. या भागात एका लहान गावातील हौशी मंडळी त्याचे 'ओह, स्ट्रीटकार!' नावाचे संगीत रूपांतर बसवतात. दिग्दर्शक आत्ममग्न आणि शीघ्रकोपी, तर नटसंच शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. घराबाहेर चार माणसांत मिसळावे एवढ्याच इच्छेने आलेली गृहिणी मार्ज आधी नाकारली जाते. ती दूरध्वनीवरून नवऱ्याच्या, होमरच्या, खाण्याच्या फर्माइशी निमूटपणे ऐकून घेत असताना दिग्दर्शकाला तिच्यात ब्लांश दिसते. भूमिका तिला मिळते ती अभिनयामुळे नव्हे, तर संसारामुळे. भागाचा सारा पुढील अर्थव्यूह या एका प्रसंगातून उलगडतो.

प्रत्यक्ष प्रयोगात मूळ नाटकाची पुरती वाताहत होते. ब्लांशच्या मनोभंगाच्या प्रसंगी मार्ज तारांना लटकून प्रकाशझोतांत रंगमंचभर उडते. मूळ नाटकात वर्तमानपत्राची वर्गणी मागायला आलेल्या ज्या मुलापाशी ब्लांशची भूक क्षणभर उघडी पडते, त्यालाही येथे गाणे मिळते. ब्लांशच्या अखेरच्या उद्गारातील करुण उपरोध तर समूहगानात साफ पुसला जातो आणि परक्यांच्या दयाळूपणाचा आनंदी जयघोष तेवढा उरतो. येथे हसू येते ते विल्यम्सचे नव्हे. कोणत्याही दुःखाचा शेवट टाळ्या घेणाऱ्या गाण्यात करणाऱ्या रंगभूमीचे ते हसे आहे. न्यू ऑर्लिन्सची निंदा करणारे गीतही याच जातीचे. 'स्वीनी टॉड' (१९७९) मधील लंडनविषयक गाण्याची ते आठवण करून देते. त्याचे शब्द प्रक्षेपणापूर्वीच त्या शहरातील वर्तमानपत्रात छापले गेले, संताप उसळला आणि वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढच्याच भागात बार्ट फळ्यावर त्या शहराची बदनामी न करण्याचे वचन लिहिताना दिसतो. विडंबनाला त्याच्या चौकटीतून बाहेर काढले की ते सरळ विधान बनते, याचा हा बोलका दाखला होय.

मार्जची धाकटी मुलगी मॅगी हिचे उपकथानक केवळ विरंगुळ्यासाठी योजलेले नाही. दिग्दर्शकाची बहीण चालवत असलेले तिचे पाळणाघर आयन रँड यांच्या नावाचे आहे. परावलंबन हा तेथे दोष मानला जातो आणि मुलांच्या तोंडातील चोखण्या काढून घेतल्या जातात. रंगमंचावर परक्यांच्या आधाराचे गोडवे गायले जातात. पाळणाघरात आधाराची गरजच गुन्हा ठरते. आधाराविना माणूस मोडतो हे विल्यम्सचे मर्म दोन्हीकडे निसटते. ते कळते ते चोखण्या परत मिळवणाऱ्या तान्ह्या मुलीला, आणि अनपेक्षितपणे होमरला.

तालमींच्या काळात मार्जच्या छंदाकडे होमर दुर्लक्षच करतो. स्टॅनलीवर धावून जाण्याइतका संताप तिला अंगी आणता येत नसतो. बाहेर खाऊच्या यंत्राशी हुज्जत घालणाऱ्या नवऱ्यामुळे तो एकदम उसळतो. प्रयोगानंतर होमर मान खाली घालून बसलेला दिसतो, तेव्हा तो कंटाळला असावा असा तिचा समज होतो. वस्तुतः तो हेलावलेला असतो. ब्लांशला आदराने वागवले असते तर तिची ती गत झाली नसती, आणि आपण स्टॅनलीसारखेच आहोत, हे त्याने ओळखलेले असते. सारे प्रेक्षागृह गाण्यावर खूश असताना एकट्या होमरपर्यंत शोकात्मिका पोचते. प्रयोग फसूनही आशय पोचतो, कारण या प्रेक्षकाची भूमिका मूळ नाटकात आधीच लिहिलेली होती.

तथापि हा साक्षात्कार कितपत टिकाऊ, हा प्रश्न उरतोच. विल्यम्सच्या नाटकात स्टेला नवऱ्यापाशीच राहते, आणि तेच त्यातील भीषण सत्य आहे. एलिया कझान यांच्या चित्रपटात (१९५१) हॉलिवुडच्या नीतिसंहितेच्या दडपणाखाली ती बाळाला घेऊन नवऱ्याकडे पाठ फिरवते. मालिकेत मार्ज होमरसोबत परतते, आणि त्या परतण्याला सुखान्त म्हटले जाते. स्टेला आणि मार्ज यांची कृती एकच. विधा बदलताच तिचा अर्थ उलटतो. दर भागाअखेर कुटुंबाची घडी पूर्ववत बसवणे ही या विधेची अट असल्याने होमरचे शहाणपण पुढच्या भागात पुसले जाणे अटळ ठरते. ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळात नेले जाते. मार्जला पुन्हा स्वयंपाकघरात नेले जाते. विल्यम्सच्या दुःखाला संगीतक जसे समूहगानात बुडवते, तसे मार्जच्या दुःखाला विनोदी मालिका समेटात बुडवते. संगीतकाचे हे लबाड सांत्वन या भागाने अचूक पकडले. स्वतःच्या विधेतील तेच सांत्वन मात्र त्याने निमूटपणे स्वीकारले.