पुरवून खाण्याची विद्या
(‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथाच्या निमित्ताने)

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या दोन टोकांमधील आपले पाकशास्त्रीय वाङ्मय पाहिले, तर त्याचे एकक ‘पदार्थ’ हे असल्याचे दिसते. आधी साहित्य, मग कृती आणि शेवटी किती जणांना पुरेल याचा अंदाज. प्रत्येक पदार्थ जणू भरलेल्या फडताळासमोर उभा राहून आरंभ होतो. परंतु ज्या घरात आणलेले थोडके मांस नऊ तोंडांना आणि तेही तीन जेवणे पुरवायचे असते, त्या घरातील गृहिणीचा प्रश्न ‘काय करावे’ हा नसून ‘कसे पुरवावे’ हा असतो. या प्रश्नाचे शास्त्र आपल्या छापील वाङ्मयात फारसे उतरले नाही. श्री. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाचे मोल मला प्रथम येथे जाणवते.

मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यजीवनाचा हा ग्रंथ आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा व नंतरच्या हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांची मुळे त्याच मातीत आहेत. तरीही ग्रंथातील निम्मे शब्द मला परके वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चान्या म्हणजे उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्या. वजडी म्हणजे जनावराचे आतडे-कोथळे. रक्ती म्हणजे शिजवून घट्ट केलेले रक्त. ही नावे आमच्या घरांत उच्चारली जात नसत. उच्चारली गेलीच, तर ती कुणाची आहेत हे ध्यानात घेऊन आवाज खाली येई.

दलित आत्मकथनांच्या वाचकाला हा विषय नवा नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) असो वा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ असो, मेलेल्या जनावराचे मांस आणि त्याभोवतीचे जगणे तेथे आलेले आहे. मात्र आत्मकथनात ते मांस बहुधा एक प्रसंग म्हणून येते. त्यात भूक, वाटणी, अपमान, कधी उत्सवही असतो, आणि वाचक हेलावून पुढे जातो. पाटोळे तेथेच थांबतात आणि विचारतात की घरी आणल्यावर त्या मांसाचे पुढे काय झाले? कोणता भाग आज शिजला, कोणता वाळत घातला, तेलावाचून चव कशी आणली? प्रसंगाची जागा येथे प्रक्रिया घेते. करुणेने पाहिलेला माणूस येथे जाणकार म्हणून समोर येतो. हा फरक मला साहित्यदृष्ट्याही महत्त्वाचा वाटतो.

या जाणतेपणाला पक्का आधार आहे. मान, नळी, पाय हे जनावराचे सतत राबणारे भाग. त्यांत चिवट तंतू अधिक, म्हणून ते स्वस्त. मंद आचेवर दीर्घकाळ शिजले की त्यांतील कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि पाण्याला अंग येते. निवाल्यावर रस्सा थिजतो तो यामुळेच. थोडक्यात, हलक्या मांसाची चव तुकड्यात कमी आणि पाण्यात अधिक उतरते. पाणी वाटता येते, वाढवता येते, येसुराने दाट करता येते, त्यात भाकरी कुस्करता येते. मांस हे जेवण नव्हतेच. ती भाकरीची चव होती. वाळवण्याचेही तसेच. ओल गेली की मांस टिकते, आणि एका दिवसाची चंगळ अनेक दिवसांच्या कालवणाला वास देत राहते.

हे वाचताना मला माझी आई आठवली. हैदराबादेतील आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि शनिवार वर्ज्य असत. म्हणून मंगळवारी संध्याकाळी आणलेले अर्धा किलो मटण बुधवारच्या रात्रीपर्यंत पुरवायचे, असा तिचा नेम होता. मटणवाल्याकडून ती मान, सीना आणि नळ्या मागून घेई. रानेचा भाव विचारतही नसे. मंगळवारी रात्री हळद-मिठातले आळणी पाणी आणि भात. बुधवारी दुपारी त्याच मटणाचा येसूर लावलेला रस्सा. रात्री उरलेली हाडे, हरभऱ्याची डाळ, दुधी आणि चिंच घालून या शहराने शिकवलेला डालचा. मधल्या रात्री व सकाळी भांड्याला खळखळून उकळी देण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे.

‘हे तर आमच्याच घरचे!’ असे मी पहिल्या वाचनात समासात लिहिले होते. दुसऱ्या वाचनात ते खोडले. आई दुकानासमोर उभी राहून तुकडा निवडत होती. पाटोळे ज्या पिढ्यांविषयी लिहितात, त्यांना निवड नव्हती. गावातील जनावर कधी मरेल, यावर त्यांच्या ताटातील मांसाची तिथी ठरे. कसब सारखे दिसले तरी आमची ती काटकसर होती आणि त्यांची ती जातीने लादलेली टंचाई होती. ‘आपणही गरिबीतच वाढलो’ असे म्हणून हे अंतर पुसणे सोयीचे असते; ग्रंथाचे पहिले अपवाचन तेच ठरेल. हल्ली महागड्या उपाहारगृहांत नळी आणि पाया कौतुकाने वाढतात. ते कौतुक हे दुसरे अपवाचन.

येथे एक खरा आक्षेप उभा राहतो. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. समाजाने ते स्वाभिमानाने सोडले. मग त्याच्या कृती आज लिहून ठेवणे म्हणजे मागे जाणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. सोडणे हा निर्णय होता. नोंदणे हा इतिहास आहे. काय सोडले हे ठाऊक नसेल, तर सोडण्याचे मोलही पुढच्या पिढीला कळणार नाही.

ग्रंथात उणिवा आहेत. आठवण, वाद आणि पाककृती एकमेकांत मिसळल्यामुळे कृती शोधणारा वादात गुंततो आणि वाद वाचणाऱ्याला कृती आडव्या येतात. शिवाय मांडणी पदार्थांच्या अंगाने गेल्यामुळे ‘पुरवण्या’चा धागा मध्येच तुटतो. एका घरातील एक आठवडा, मांस आल्यापासून शेवटची चानी संपेपर्यंत, सलग उलगडला असता, तर पदार्थ हे एकक मोडून ‘दिवस’ हे एकक प्रथमच मराठीत आले असते.

भूषण कोरगावकर यांचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. त्याचे नाव ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’. ते ग्रंथाचा विषय चोख सांगते. परंतु मूळ नावाने जेवणाआधीच्या श्लोकाला एका ‘अ’ने दिलेले उत्तर त्यात उरत नाही. मराठी वाचकाकडे तो ‘अ’ अजून आहे. मराठीत वाचण्याचे हे एक कारण पुरेसे व्हावे.

शासकीय सेवेत काही वर्षे मी नागरी पुरवठा खात्यात होतो. माणशी किती किलो धान्य, याचे तक्ते आम्ही बिनचूक भरले. त्या धान्याचे घरात जेवण कसे होते आणि ते किती दिवस पुरते, हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. निवृत्तीनंतर एका पाककृतींच्या ग्रंथाने तो मला दाखवून दिला.