हास्यचित्रमालेचे इंग्रजी भाषांतर : 'चिंटू'च्या निमित्ताने

विनोदाचे भाषांतर कठीण असते, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की, ते करणाऱ्याला पुढचा विचार करण्याची गरज बहुधा वाटत नाही. मुलांच्या विनोदी चित्रमालांविषयी तर उलटी समजूत आढळते : चित्र सर्वांनाच कळते, तेव्हा प्रश्न उरला तो फुग्यांतील चार शब्दांचा. वस्तुतः चित्रामुळे अडचण कमी न होता वाढते. गद्याचा भाषांतरकार वाक्य लांबवू शकतो, प्रसंगी एखादा खुलासा मजकुरात मुरवू शकतो. चित्रमालेत फुग्याचा आकार ठरलेला, चौकटींची संख्या ठरलेली, आणि जे रेखाटले गेले आहे ते नाकारण्याची सोय नाही. चित्रकाराने 'शेंडी लावणे' हा वाक्प्रचार अक्षरशः काढून दाखविला, तर इंग्रजीत त्याच अर्थी पाय ओढतात, हे ज्ञान निरुपयोगी ठरते. चौकटीत शेंडी आहे, पाय नाही. 'नाक खुपसणे' दोन्ही भाषांत नाकाच्याच वाट्याला यावे, हे भाषांतरकाराचे नशीब.

या क्षेत्रातील आदर्श म्हणून 'अ‍ॅस्टेरिक्स'च्या इंग्रजी अवताराकडे बोट दाखविले जाते, आणि ते योग्यच आहे. गॉसिनी व उदेर्झो यांची ही फ्रेंच चित्रमाला १९५९ साली सुरू झाली. अँथिया बेल व डेरेक हॉकरिज यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९६९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. मूळातील कुत्र्याचे नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. इंग्रजीत तो डॉगमॅटिक्स झाला. हट्टी मताचा अर्थ राहिला आणि वर कुत्राही नावात आला. येथे भाषांतर मूळाच्या पुढे गेले आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. (बेल यांचे वडील लंडनच्या 'टाइम्स'चे पहिले शब्दकोडेकार होते, ही गोष्ट या संदर्भात केवळ योगायोगाची वाटत नाही.) तथापि या यशामागील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. फ्रान्समधील विनोद उचलून तो इंग्लंडात नव्याने वसवायचा होता. वाचक बदलला, त्याचा देश बदलला, आणि रोमन साम्राज्याची आठवण मात्र दोघांचीही सामाईक होती.

'चिंटू'ची गोष्ट मुळातच वेगळी आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमाला २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये सुरू झाली. तिच्यात पराक्रम नाही, जादू नाही. शाळा, अभ्यास, खेळ, आई-पप्पा, शेजारच्या जोशी काकू आणि चार-सहा सवंगडी एवढाच संसार. 'टिंकल'मधील सुप्पांडी १९८३ पासून आपल्या कृतीने हसवीत आला. सांगितलेले काम शब्दशः करणारा नोकर कोणत्याही भाषेत वेडगळच ठरतो. चिंटूचा विनोद नात्यांच्या अंतरावर उभा आहे, आणि ते अंतर मराठीत संबोधनाने मोजले जाते.

म्हणून जोशी काकूंचे काय करावयाचे, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे. त्यांना 'आंट जोशी' म्हटले तर त्या नात्यातल्या होतात. 'मिसेस जोशी' म्हटले तर परक्या. शेजारीण असून रागावण्याचा पूर्ण अधिकार असलेली स्त्री दोन्हींत हरवते. प्रमाण इंग्रजीचा आग्रह धरणारा भाषांतरकार येथे चुकतो, कारण त्याने आपला वाचक पाहिलेला नसतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घ्यावे. तेथील पोलादाच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. त्यांच्यातील एखाद्याचे मूल घरी भोजपुरी आणि मैदानात हिंदी-मराठीची सरमिसळ बोलत असेल. त्याच मैदानातले मराठी घरातील मूल इंग्रजी शाळेत जाते, घरी मराठी बोलते, पण देवनागरीचे पान वाचताना दमते. 'चिंटू'चा इंग्रजी वाचक असलाच तर तो हा आहे, लंडनमधला नव्हे. दोन्ही मुले खालच्या मजल्यावरील बाईंना 'काकू'च म्हणतात. त्यांच्यासाठी 'जोशी काकू' हा शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवणे हे भाषांतरकाराचे अपयश नसून वाचकाची ओळख आहे. त्याऐवजी 'मिसेस जोशी' छापले, तर त्या मुलाला स्वतःचाच जिना परदेशातला वाटू लागेल. 'अ‍ॅस्टेरिक्स'चा वाचक दुसऱ्या देशात होता. हा वाचक त्याच इमारतीत राहतो.

नावांच्या बाबतीत मात्र असा सोपा मार्ग दिसत नाही. 'बगळ्या' हे नाव ऐकताच लांब मानेचा, लांब पायांचा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. गोट्या, बंड्या, बोक्या यांच्या अखेरीस येणारा 'या' मायेचाही आहे आणि किंचित तुच्छतेचाही. जॉनी, बिली यांच्या शेपटीत केवळ माया आहे. पक्ष्याचे इंग्रजी नाव दिले तर चित्र राहते, हाक जाते. 'बगळ्या' तसेच ठेवले तर भोजपुरी घरातल्या मुलासाठी हाक राहते, चित्र जाते. सारासार विचार करता हाक राखावी. चित्र तर चौकटीत आहेच.

खरी हानी सर्वनामांत होते. एरवी 'तू' म्हणणारी आई एकाएकी "आपण आज अभ्यासाला बसणार आहात का?" असे विचारते, तेव्हा एकही कठोर शब्द न उच्चारता मुलाला संकटाची चाहूल लागते. इंग्रजीला तेथे 'युवर हायनेस'सारखे काहीतरी आणावे लागते, आणि बारीक चिमटा जाऊन नाटकी मुजरा येतो. फुग्यात जागा असली तरी हे टाळता येत नाही.

ध्वनिशब्दांविषयी सामान्यतः चिंता व्यक्त केली जाते, ती अनाठायी आहे. 'धपकन', 'खळ्ळकन' हे मराठीत क्रियाविशेषण होऊन वाक्यात सहज सामावतात. 'धपकन पडला' असे मूल बोलून जाते. इंग्रजीतील तसे शब्द बहुधा वाक्याबाहेर, सुटे उभे राहतात. भाषांतरकाराने ते फुग्यातून काढून चित्रातल्या मोकळ्या जागेत, फुटलेल्या काचेजवळ लिहावेत. त्यामुळे रिकाम्या झालेल्या फुग्यात काकूंचे एखादे पूर्ण वाक्य मावू शकते, आणि काच फुटल्यावर त्या काही एका शब्दावर थांबणाऱ्या नव्हेत.